देवमाशांच्या जहाजावरचा मांजिरो

आजची गोष्ट एका कोळ्याच्या पोराची. नाव मांजिरो. हे नाव ऐकून आमच्या घरातली मुलं आधी खूप हसली, मांजर आठवलं म्हणून. गोष्ट संपेपर्यंत मात्र गप्प बसली होती.

जपानच्या तोसा प्रांतात समुद्रकाठी नाकानोहामा नावाचं गाव. मांजिरोचे वडील लवकर गेले, म्हणून शाळा नाही, थेट होडीवर काम. जानेवारी १८४१ मध्ये चार जणांबरोबर तो मासेमारीला गेला आणि वादळात सापडला. तेव्हा तो १४ वर्षांचा होता. होडी वाहत वाहत तोरिशिमा या निर्जन बेटाला लागली. पक्ष्यांचं मांस खाऊन आणि पावसाचं पाणी पिऊन पाचही जणांनी १४३ दिवस काढले. जूनमध्ये ‘जॉन हाउलंड’ हे अमेरिकन जहाज तिथून जात होतं. त्याचे खलाशी कासवं शोधायला बेटावर आले, त्यांना माणसं सापडली.

हे जहाज देवमासे मारणारं होतं, मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड बंदरातलं. त्या काळी घरोघरचे दिवे देवमाशाच्या तेलावर जळत आणि यंत्रांना वंगणही त्याचंच. एकेक सफर तीन-चार वर्षांची. देवमासा दिसला की सहा जणांची लहान होडी पाण्यात सोडायची, जवळ जाऊन हार्पून मारायचा. दोराला बांधलेली होडी घेऊन तो प्रचंड जीव पळत सुटायचा, कधी होडीच उलटवायचा. तो मेला की जहाजाला बांधून चरबी कापायची आणि डेकवरच्या विटांच्या भट्टीत वितळवून पिंपं भरायची. महिन्याचा पगार नाही. तेल विकलं की प्रत्येकाला ठरलेला हिस्सा, साध्या खलाशाचा अगदी लहान. आणि ज्याला आपण देवमासा म्हणतो, त्याची कत्तल करून हे सगळं चालायचं, तेही सांगायला हवं.

होनोलुलूला चौघे उतरले. मांजिरो मात्र कॅप्टन विल्यम व्हिटफील्डबरोबर पुढे निघाला. मे १८४३ मध्ये तो न्यू बेडफर्डला पोहोचला आणि नदीपलीकडच्या फेअरहेवन गावात राहू लागला. कॅप्टनने त्याला शाळेत घातलं. इंग्रजी, गणित, नौकानयन तो शिकला, पिंपं बनवण्याचं कामही शिकला.

एक प्रसंग ऐका. रविवारी कॅप्टन त्याला आपल्या चर्चमध्ये घेऊन गेला. तिथल्या मंडळींनी सांगितलं, हा मुलगा काळ्या लोकांच्या जागेवर बसेल. कॅप्टनने मुलाला तर तिथे बसवलं नाहीच, ते चर्चच सोडलं आणि ज्यांनी दोघांना एकत्र बसू दिलं त्या युनिटेरियन चर्चमध्ये तो जाऊ लागला. आपल्या मुलांना शाळेच्या पहिल्या दिवशी सोडताना पोटात जे होतं, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कॅप्टनची किंमत वेगळी सांगायला नको.

१८४६ मध्ये मांजिरो ‘फ्रँकलिन’ जहाजावर निघाला, आता खलाशी म्हणून. वाटेत त्या जहाजाच्या कॅप्टनचं डोकं फिरलं, त्याला मनिलाला उतरवावं लागलं, आणि मांजिरोला बढती मिळाली. तीन वर्षांहून जास्त काळच्या सफरीनंतर हातात आले सुमारे ३५० डॉलर.

खरी ओढ होती आईची. पण जपान दोनशे वर्षं दारं बंद करून बसला होता. देश सोडून गेलेल्याने परत येणं म्हणजे मृत्युदंड, असा कायदा. तरी त्याने ठरवलं. १८५० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींवर जाऊन त्याने सुमारे ६०० डॉलर मिळवले. होनोलुलूला आपले जुने सोबती गाठले आणि एक होडी विकत घेतली. तिचं नाव ‘अ‍ॅडव्हेंचरर’. फेब्रुवारी १८५१ मध्ये मोठ्या जहाजावरून ती होडी पाण्यात सोडून तिघे र्‍युक्यू बेटांवर, म्हणजे आजच्या ओकिनावाला, वल्हवत उतरले.

फाशी झाली नाही, चौकशी मात्र दीड वर्षाहून जास्त चालली. १८५२ मध्ये तो आईसमोर उभा राहिला, जवळजवळ बारा वर्षांनी. आणि तीनच दिवसांत सरकारी बोलावणं आलं! पुढच्याच वर्षी कमोडोर पेरीची अमेरिकन जहाजं जपानच्या दारात आली, आणि अमेरिकेत राहून आलेला माणूस तिथल्या सरकारला फार मोलाचा झाला. कोळ्याच्या पोराला सामुराईचा दर्जा मिळाला, गावावरून नाकाहामा हे आडनाव मिळालं. बाउडिचच्या नौकानयनाच्या पुस्तकाचं त्याने जपानीत भाषांतर केलं. १८६० मध्ये ‘कानरिन मारू’ जहाजातून तो दुभाषी म्हणून सॅन फ्रान्सिस्कोला आला.

कॅप्टनची भेट व्हायला १८७० उजाडलं. युरोपला जाताना न्यूयॉर्कहून वाट वाकडी करून मांजिरो फेअरहेवनला गेला. वीस वर्षं उलटून गेली होती. म्हातारा कॅप्टन घरीच होता.

ते घर चेरी स्ट्रीटवर अजून उभं आहे आणि २००९ पासून तिथे संग्रहालय आहे. न्यू बेडफर्डचं व्हेलिंग म्युझियम बघायला गेलात, तर पूल ओलांडून तिकडेही चक्कर टाका. आणि कनेटिकटमध्ये मिस्टिकला गेलात, तर ‘चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन’ हे देवमासे मारणारं जहाज पाण्यात उभं आहे. न्यू बेडफर्डलाच १८४१ मध्ये बांधलेलं, म्हणजे मांजिरो बेटावर पावसाची वाट बघत होता त्याच वर्षी. मुलांना डेकवर घेऊन जा, भट्टी दाखवा.