पुणे-हैदराबाद रस्त्याची बदलती वाट

पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबाद आणि पुढे विजयवाड्यावरून मच्छलीपट्टणमला जाणारा रस्ता आज राष्ट्रीय महामार्ग ६५ म्हणून ओळखला जातो. २०१० च्या फेररचनेपूर्वी त्याचा क्रमांक ९ होता. क्रमांकाच्या आधी बदलली ती या रस्त्याची दिशा.

मध्ययुगात सोलापूर निजामशाही आणि आदिलशाही यांच्या सीमेवर होते. फौजांची ये-जा प्रामुख्याने अहमदनगर, परांडा, सोलापूर, विजापूर अशी उत्तर-दक्षिण चाले. १५२४ मध्ये आदिलशाही राजकन्या मरियम हिचा बुऱ्हाण निजामशहाशी सोलापुरात विवाह झाला. आंदण म्हणून कबूल केलेला सोलापूरचा किल्ला निजामशाहीच्या हाती पडला नाही आणि त्यावरून दोन्ही घराणी पिढ्यान्‌पिढ्या लढत राहिली.

१८१८ मध्ये सोलापूर इंग्रजांकडे आले. पुण्याची आणि सिकंदराबादची छावणी जोडणे ही नव्या सत्तेची गरज होती, त्यामुळे पश्चिम-पूर्व रस्त्याचे महत्त्व वाढले. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरला पोहोचली. पुढे ती गुलबर्गा-रायचूरकडे वळली आणि नळदुर्ग-उमरगा हा पट्टा लोहमार्गाविना राहिला. तिथली सारी वाहतूक रस्त्यावरच आली.

या रस्त्याचे मोल १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानावरील लष्करी कारवाईत दिसले. १३ सप्टेंबरला पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या भारतीय फौजा सोलापूरहून हैदराबादच्या निजामाच्या हद्दीत शिरल्या. नळदुर्गला बोरी नदी किल्ल्याला वळसा घालून वाहते. तिथला पूल उडवला गेला असता तर रणगाडे अलीकडेच अडकून पडले असते. सातव्या ब्रिगेडने अचानक चाल करून तो शाबूत ताब्यात घेतला. सकाळी नऊच्या सुमारास फौजा जळकोटला होत्या आणि दुपारनंतर उमरग्याला. पाचव्या दिवशी हैदराबादने शस्त्रे खाली ठेवली.

पुण्याकडच्या बाजूला मार्ग बदलला तो धरणामुळे. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. जलाशयात गावे बुडाली, भिगवण-पळसदेव परिसरात रस्ता आणि लोहमार्ग हलवावे लागले. डिकसळचा इंग्रजकालीन रेल्वे पूल गाड्या बंद झाल्यावर इंदापूर आणि करमाळा तालुक्यांतील वाहनांच्या कामी आला. पाणी ओसरले की उन्हाळ्यात पळसदेवच्या जुन्या मंदिराचे शिखर उघडे पडते आणि ते पाहायला लोक होडीने जातात.

चौपदरीकरणात रस्ता इंदापूर, टेंभुर्णी या गावांच्या बाहेरून गेला. बाजारपेठेतली गर्दी कमी झाली, पण एसटी स्थानकाजवळच्या हॉटेलांचे गिऱ्हाईकही बाहेर गेले. सोलापुरात विजापूरकडची जड वाहने आता केगाव-हत्तूर वळणरस्त्याने जातात. शहराची वस्ती बाळ्यापर्यंत पसरली, तरी ‘जुना पुणे नाका’ हे नाव टिकून आहे.

नावाप्रमाणे जुने मार्गही जपता येतात. अमेरिकेतील प्रसिद्ध रूट ६६ हा महामार्ग १९८५ मध्ये अधिकृत यादीतून वगळला गेला. तिथल्या लोकांनी मात्र त्याचे जुने तुकडे शोधले आणि फलक लावून जपले. पळसदेव, डिकसळ आणि नळदुर्ग इथेही जुन्या मार्गाच्या खुणा नकाशावर नोंदवून तसे फलक उभारायला हवेत. जुना रस्ता आठवणारी माणसे हयात आहेत, तोवरच हे काम नीट होईल.