ग्लासगो कोमा स्केल

रुग्णाच्या शुद्धीची पातळी मोजून नोंदवण्याची पद्धत. ग्लासगो विद्यापीठातील ग्रॅहम टीसडेल व ब्रायन जेनेट या मेंदूशल्यविशारदांनी ती १९७४ मध्ये मांडली. डोळे उघडणे (कमाल ४ गुण), बोलणे (५) आणि हालचाल (६) तपासतात. बेरीज ३ ते १५ भरते. डोक्याला मार लागलेल्या रुग्णात ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर इजा. हाकेला प्रतिसाद नसेल तर नखावर पेन्सिलीने दाब देऊन पाहतात. रुग्णाने दुखणाऱ्या जागेकडे हात नेला, की नुसताच आखडून घेतला, हा फरक फार मोलाचा. म्हणूनच केसपेपरवर नुसती बेरीज लिहिणे अपुरे. ‘ई३ व्ही४ एम५’ (अनुक्रमे डोळे, बोलणे, हालचाल) असे सुटे गुण वेळेसह हवेत. श्वासनलिकेत नळी असल्यास बोलण्याच्या गुणाऐवजी ‘टी’ लिहितात.