सहा एल्क आणि एक होडी

1803 सालच्या मे महिन्यात मेरिवेदर लुईस हा अमेरिकी सैन्यातला कॅप्टन फिलाडेल्फियात खरेदीसाठी हिंडत होता. राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन यांनी 18 जानेवारीला काँग्रेसला गुप्त पत्र लिहून एका मोहिमेसाठी 2,500 डॉलर मागितले होते. मिसुरी नदीने शक्य तितके वर जायचे, डोंगर ओलांडायचा आणि पश्चिमेचा महासागर गाठायचा, अशी ही मोहीम. विल्यम क्लार्क तिच्यात बरोबरीचा नायक म्हणून सामील झाला आणि इतिहासात ती ‘लुईस आणि क्लार्क मोहीम’ या जोडनावाने राहिली.

या मोहिमेवर भूगोलाच्या, वनस्पतिशास्त्राच्या आणि साम्राज्यविस्ताराच्या अंगाने विपुल लिहिले गेले आहे. तिच्या दैनंदिन्या वाचताना मला मात्र एकच साधा प्रश्न छळत राहिला : ही माणसे खाणार काय होती? दोन वर्षांहून अधिक काळाचा शिधा तीसएक माणसांना होड्यांतून नेता येत नाही. लुईसने 13 जुलै 1805 रोजी हिशेब लिहून ठेवला आहे. सगळ्यांना पोटभर मांस मिळायचे तर रोज चार हरणे, किंवा एक एल्क आणि एक हरीण, किंवा एक गवा लागे. म्हणजे ही मोहीम रोज यशस्वी व्हावीच लागेल अशी एक लांबलचक शिकारही होती. म्हणून मी दैनंदिन्यांतल्या शिकारीच्या नोंदी वेगळ्या काढून सलग वाचल्या. त्यांतून दिसलेली गोष्ट येथे मांडतो.

एल्क म्हणजे आपल्या काश्मीरच्या हंगुलाचा जवळचा नातलग. प्रौढ नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. युरोपात ‘एल्क’ हे नाव दुसऱ्याच प्राण्याचे. अमेरिकेत आलेल्या वसाहतकऱ्यांनी ते या हरणाला चिकटवले. त्याचे दुसरे नाव ‘वापिटी’ हे शॉनी भाषेतले असून त्याच्या पांढुरक्या पार्श्वभागावरून पडले आहे. मोहिमेचा सर्वांत कुशल शिकारी जॉर्ज द्रुईयार याची आई शॉनीच होती, तर वडील फ्रेंच कॅनेडियन.

लुईसची तयारी मोठी चोख होती. हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारातून त्याने 15 रायफली घेतल्या. बंदुकीच्या दारूसाठी त्याने शिशाचे 52 डबे करवून घेतले. एका डब्यात चार पौंड दारू आणि डब्याचे वजन आठ पौंड. दारू संपली की डबा वितळवायचा. त्यातून तेवढ्या दारूला पुरतील इतक्या गोळ्या ओतता येत. बूच आणि मेण लावून डबे बंद केलेले असत, त्यामुळे होडी उलटली तरी दारू कोरडी राही. भुकेच्या दिवसांसाठी त्याने आटवून घट्ट केलेला मांसरस घेतला : 193 पौंड, 289 डॉलर 50 सेंट किमतीचा. होडीसाठी एक सुटा लोखंडी सांगाडाही बनवून घेतला. डोंगराजवळ गेल्यावर तो जोडून वर कातडी चढवायची, असा बेत होता.

सगळ्या यादीत एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे त्या डोंगराची माहिती. जेफरसन आणि लुईस दोघेही व्हर्जिनियाचे. डोंगर म्हटला की त्यांच्या डोळ्यांपुढे आपल्या मुलखातली ब्लू रिज येई : एक लांब, बेताची, घाटवाटेने ओलांडता येणारी रांग. पश्चिमेचा डोंगरही तसाच असेल, एका नदीच्या उगमापासून थोडेसे चालून गेले की दुसरी नदी मिळेल, असा त्यांचा अंदाज होता.

सपाटीवर तयारी पुरी पडली. 1 ऑगस्ट 1804 रोजी क्लार्कने आपल्या वाढदिवसाला हरणाचे, एल्कचे आणि बीव्हरच्या शेपटीचे मांस शिजवायला सांगितले, इतकी त्या नदीकाठी चंगळ होती. पहिला तडा गेला तो मिसुरीच्या मोठ्या धबधब्यांच्या वर. लोखंडी सांगाड्यावर एल्कची 28 आणि गव्यांची चार कातडी शिवून चढवली, पण टाक्यांची भोके बुजवायला राळ लागते आणि राळ देणारी झाडे त्या प्रदेशात नव्हती. 9 जुलै 1805 रोजी होडी पाण्यात सोडली आणि काही वेळातच टाक्यांतून पाणी आत शिरू लागले. अठ्ठावीस एल्कची कातडी वाया गेली आणि लुईसला आपली आवडती योजना तिथेच सोडावी लागली.

12 ऑगस्टला तो लेमही खिंडीच्या माथ्यावर पोचला. पलीकडे उतार आणि नदी दिसायला हवी होती. दिसल्या त्या बर्फाच्छादित शिखरांच्या रांगांमागून रांगा. पुढची वाट सापडली ती तिथल्या माणसांमुळे. मोहिमेबरोबर असलेल्या सॅकॅजवियाचा भाऊच शोशोनींचा प्रमुख निघाला. त्यांच्याकडून घोडे मिळाले आणि एक म्हातारा वाटाड्याही.

11 सप्टेंबरला ते लोलोच्या वाटेला लागले. त्या दाट, उभ्या अरण्यात शिकार जवळजवळ नव्हतीच. एल्क तेव्हा मुख्यतः मोकळ्या गवताळ मुलखात आणि नदीखोऱ्यांत वावरे. रायफली होत्या, कोरडी दारू होती, निष्णात शिकारी होते. समोर जनावर नव्हते. 14 तारखेला शिंगरू मारून खाल्ले. 16 तारखेला बर्फ पडले आणि पातळ पादत्राणांत पाय गोठतील की काय, अशी क्लार्कला धास्ती वाटली. फिलाडेल्फियाचा मांसरस निघाला, पण त्याने कोणाचे पोट भरले नाही. शेवटी क्लार्क सहा शिकाऱ्यांना घेऊन पुढे गेला आणि 20 तारखेला वाइपच्या माळावर उतरला. तिथल्या नेझ पर्स लोकांनी त्यांना वाळवलेला मासा आणि कामास नावाचे कंद खायला दिले. भुकेने गलितगात्र झालेल्या, उत्तम शस्त्रांनी लादलेल्या या परक्यांना लुटणे अवघड नव्हते. त्यांनी तसे केले नाही.

डोंगरापलीकडच्या पहिल्या एल्कची तयारी खऱ्या अर्थाने झाली ती कोलंबिया नदीच्या मुखाशी. हिवाळा कुठे काढायचा, हे ठरवायला 24 नोव्हेंबर 1805 रोजी प्रत्येकाचे मत विचारले गेले. क्लार्कचा गुलाम यॉर्क आणि सॅकॅजविया यांचेही. निर्णयाला आधार होता तो स्थानिक लोकांनी दिलेल्या माहितीचा : दक्षिण तीरावर एल्क मुबलक आहेत. 2 डिसेंबरला जोसेफ फील्ड सहा मैलांवर मारलेल्या एल्कची नळीची हाडे घेऊन परतला. रॉकी पर्वताच्या या बाजूचा हा आपला पहिला एल्क, असे क्लार्कने लिहून ठेवले आहे. जी माहिती फिलाडेल्फियात कुठल्याच दुकानात मिळत नव्हती, ती इथे एका वाक्यात मिळाली होती.

तिथे उभारलेल्या लाकडी गढीला त्यांनी शेजारच्या लोकांचेच नाव दिले : फोर्ट क्लॅटसॉप. त्या हिवाळ्यात शंभराहून जास्त दिवसांपैकी जेमतेम बारा दिवस पावसाविना गेले. एल्क मारणे एक, आणि दलदलीतून मैलोन्‌मैल मांस वाहून आणणे दुसरे. दमट हवेत ते नासे. धूर देण्यासाठी रात्रंदिवस आग राखावी लागे. नाताळचे जेवण म्हणजे खराब झालेले एल्कचे मांस. तरी एल्कनेच त्यांना जगवले. त्याच्या चरबीच्या मेणबत्त्या झाल्या, कातड्याचे कपडे आणि पादत्राणे झाली. सार्जंट पॅट्रिक गॅसने आकडे दिले आहेत : 1 डिसेंबर ते 20 मार्च या काळात 131 एल्क आणि 20 हरणे, पादत्राणांचे 338 जोड. द्रुईयारने एका दिवसात सात एल्क मारल्यावर, हा नसता तर आपले कसे झाले असते, अशा अर्थाची कबुली लुईसने लिहिली. 1 फेब्रुवारीला त्याने दारूचे डबे तपासले. पस्तीस शिल्लक होते. शिशाच्या डब्यांची त्याची कल्पना पूर्ण यशस्वी ठरली होती.

क्लॅटसॉप लोकांची शिकारीची रीतही लुईसने नोंदवली आहे. एल्कच्या वाटेवर आडवा पडलेला मोठा वृक्ष हेरून त्याच्या कडेला बारा-चौदा फूट खोल खड्डा खणायचा आणि फांद्या-शेवाळाने तो झाकायचा. ही रीत साधायची तर जनावर रोज कुठून जाते हे ठाऊक असावे लागते. त्या रानाशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख असलेल्यांचीच ही शिकार.

याच रानात तंटा झाला. शिकारी एल्क मारून जागीच टाकून येत आणि मांस आणायला मागाहून माणसे जात. मधल्या काळात क्लॅटसॉपांनी सहा एल्कचे मांस नेले. कप्तानांच्या लेखी ही चोरी होती. ते रान आणि त्यातले जनावर मुळात कोणाचे, हा प्रश्न दैनंदिनीत कुठे येत नाही. 12 फेब्रुवारीला एक क्लॅटसॉप माणूस भरपाई म्हणून तीन कुत्री घेऊन आला. कुत्री बिथरून पळाली, पण देण्याची तयारी तर दिसली होती.

मार्चमध्ये परतीसाठी होड्या कमी पडल्या आणि देवघेवीसाठीचा माल संपत आलेला होता. तेव्हा मोहिमेच्या माणसांनी क्लॅटसॉपांची एक होडी चोरली. लुईसने कारणही लिहून ठेवले : हिवाळ्यात नेलेल्या सहा एल्कच्या बदल्यात. 22 मार्चला गढी क्लॅटसॉप प्रमुख कोबोवेला देऊन टाकली आणि दुसऱ्या दिवशी मंडळी निघाली.

हा हिशेब मला पुन्हापुन्हा अडखळवतो. सहा एल्क वहीत चढले. दक्षिण तीरावर शिकार आहे हे सांगणे, वाटाड्या, वाइपच्या माळावरचे कंद, यांची नोंद दैनंदिनीत आहे. पण देण्याच्या रकान्यात ती कधीच गेली नाही. ज्या माहितीमुळे 131 एल्क मिळाले, तिची किंमत सहा एल्कहून कमी धरली गेली.

2011 मध्ये क्लार्कच्या वंशजांनी त्या चोरलेल्या होडीच्या बदल्यात तशीच एक होडी चिनूक राष्ट्राला अर्पण केली. आजच्या चिनूक राष्ट्रात क्लॅटसॉपही येतात. दोनशे पाच वर्षांनी एक रकाना भरला गेला. बाकीचे अजून कोरे आहेत.