हेन पार्टी: मैत्रिणीच्या लग्नाआधीचा एक वीकेंड इतका महाग का झालाय?

सुरुवात एका व्हॉट्सॲप ग्रुपने होते. ग्रुपच्या नावात नवरीचं नाव आणि दोन-चार इमोजी असतात. पहिल्या दिवशी सगळ्या जणी खूश असतात. तिसऱ्या दिवशी तारखेचा पोल येतो, आठव्या दिवशी घराचे फोटो, आणि मग एक मेसेज येतो: "शुक्रवारपर्यंत सगळ्यांनी 200 पौंड ट्रान्सफर करा, प्लीज!"

तुम्ही हार्ट टाकता आणि मग बँकेचं ॲप उघडून बघता.

ब्रिटनमध्ये याला 'हेन पार्टी' किंवा 'हेन डू' म्हणतात. मैत्रिणीच्या लग्नाला जाण्याआधीच तिच्या या वीकेंडसाठी महिन्याच्या पगारातला मोठा तुकडा जातो, अशी तिथल्या पंचविशी-तिशीतल्या मुलींची तक्रार असते. शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेलेल्या मराठी मुलींनाही ही आमंत्रणं येतात. मुंबई-पुण्यात हेच आता 'बॅचलरेट ट्रिप' या नावाने ओळखीचं झालंय.

हा खर्च वाढतो कसा आणि नाही म्हणणं इतकं अवघड का जातं, ते समजून घेऊया.

हेन पार्टी म्हणजे नक्की काय?

लग्नाआधी नवरीने फक्त मैत्रिणी आणि बहिणींसोबत केलेली पार्टी. नवरदेवाच्या पार्टीला 'स्टॅग' म्हणतात. स्टॅग म्हणजे नर हरीण आणि हेन म्हणजे कोंबडी. अमेरिकेत याच प्रकाराला 'बॅचलरेट' म्हणतात आणि भारतात हाच शब्द जास्त रुळलाय.

नवरीच्या गळ्यात सॅश, डोक्यावर खोटा व्हेल आणि पाठीवर लाल 'एल'ची पाटी, हे ब्रिटिश हेनचं ठरलेलं चित्र. ही 'एल'ची पाटी म्हणजे गाडी शिकणाऱ्यांची, आपल्याकडेही असते तीच. नवरी 'शिकाऊ' आहे, हा त्यातला विनोद.

आयोजनाची जबाबदारी बहुतेक वेळा 'मेड ऑफ ऑनर'वर असते. आपल्याकडची करवली समजा, फक्त हिच्या हातात एक्सेल शीटही असते.

आधी पैसे नवरीला मिळायचे

आजच्या हेन वीकेंडची मुळं बरीच साधी आहेत. विसाव्या शतकात ब्रिटनच्या कारखान्यांमध्ये आणि ऑफिसांमध्ये लग्न ठरलेल्या मुलीला तिच्या सहकारी बायका रिबिनी आणि कागदी फुलांनी सजवायच्या आणि गाणी म्हणत रस्त्यावरून मिरवायच्या.

स्कॉटलंडमध्ये तर नवरीला 'चँटी' घेऊन फिरवायचे. चँटी म्हणजे रात्री लघवीसाठी खाटेखाली ठेवायचं भांडं. रस्त्यावरची माणसं त्यात नाणी टाकायची आणि ते पैसे नवरीच्या नव्या संसाराला जायचे.

म्हणजे मूळ प्रथेत गाव थोडं थोडं देऊन नवरीला हातभार लावायचं. आज हातभार लावणारी मंडळी फक्त आठ-दहा उरलीत, आणि त्यांचे पैसे नवरीच्या संसाराला न जाता घरमालक, विमान कंपनी आणि रेस्टॉरंटकडे जातात.

एका संध्याकाळचा वीकेंड कसा झाला?

एकेकाळी हेन म्हणजे गावातल्या पबमधली एक संध्याकाळ. ती दोन-तीन दिवसांची सहल होण्यामागे काही ठोस कारणं आहेत.

पहिलं कारण स्वस्त विमानं. 1990 च्या दशकात युरोपातली हवाई वाहतूक खुली झाली. रायनएअर स्वस्त तिकिटांकडे वळली आणि 1995 मध्ये ईझीजेट सुरू झाली. प्राग, बार्सिलोना आणि मयोर्का वीकेंडच्या टप्प्यात आले.

दुसरं कारण लग्नाचं वय. 1970 च्या आसपास इंग्लंडमध्ये बहुतेक मुलींचं पहिलं लग्न विशीच्या पहिल्या काही वर्षांत व्हायचं. आता ते तिशीच्या पुढे गेलंय. तोपर्यंत शाळेतली मैत्रीण एका शहरात, कॉलेजमधली दुसऱ्या आणि ऑफिसमधली तिसऱ्या शहरात असते. सगळ्या जणी एका संध्याकाळी एका पबमध्ये जमणं शक्यच नसतं. प्रवास करून यायचंच असेल तर मुक्कामही होतो.

तिसरं कारण पडद्याचं. 2011 मध्ये हॉलिवूडचा 'ब्राइड्समेड्स' आला. त्याच वर्षी आपल्याकडे 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'ने बॅचलर ट्रिप थेट स्पेनला नेली. 2018 च्या 'वीरे दी वेडिंग'मध्ये मैत्रिणी थायलंडला गेल्या. त्यानंतर इन्स्टाग्रामने प्रत्येक ट्रिपचा अल्बम सगळ्यांसमोर मांडला. एकसारखे टी-शर्ट आणि फुग्यांची भिंत हे दिसायला छोटे खर्च असतात, पण ते शीटमध्ये येऊन बसतातच.

मग अलीकडे एवढी वाढ का?

ऑक्टोबर 2022 मध्ये ब्रिटनमधली महागाई 11.1 टक्क्यांवर गेली. हा 41 वर्षांतला उच्चांक होता. नंतर महागाईचा दर खाली आला, पण दर खाली येणं म्हणजे किमती खाली येणं नव्हे. जेवण, मुक्काम आणि टॅक्सी वरच्या किमतीवरच थांबले आणि तिथून पुन्हा हळूहळू वाढत राहिले.

त्यावर करही आहेत. ब्रिटनमधून इकॉनॉमीने जवळच्या देशात उडायचं तर प्रत्येक प्रवाशामागे विमान कर लागतो. तो एप्रिल 2025 पासून 13 पौंड होता, एप्रिल 2026 पासून 15 पौंड झाला. ॲमस्टरडॅमने 2024 मध्ये मुक्कामावरचा पर्यटक कर 12.5 टक्के केला. मँचेस्टरच्या मध्यवर्ती हॉटेलांमध्ये 2023 पासून खोलीमागे रात्रीला 1 पौंड घेतला जातो. एडिनबरानेही 24 जुलै 2026 पासूनच्या मुक्कामांसाठी 5 टक्के कर मंजूर केला.

आणि सगळ्यांना हवे असतात तेच वीकेंड. लग्नं उन्हाळ्यात, त्यामुळे हेन वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला. त्यातही मे महिन्यातल्या सोमवारच्या सुट्ट्यांना जोडून. विमानाचं तिकीट असो की मोठं घर, मागणी वाढली की भाव चढतो. शिवाय अनेक मोठी घरं शनिवारची एकच रात्र देत नाहीत, किमान दोन रात्रींचं बुकिंग मागतात. काही घरमालक हेन ग्रुप म्हटलं की जादा डिपॉझिट घेतात, काही सरळ नकार देतात.

सांगितलेला आकडा आणि खरा आकडा

एक हिशोब करून बघू. आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत.

समजा, नवरी धरून दहा जणी. ब्रिटनमधल्याच एका शहरात दोन रात्रींसाठी घर, भाडं 1,800 पौंड. नवरीने पैसे द्यायचे नाहीत असा प्रघात अनेक ग्रुपमध्ये असतो, म्हणून भागाकार नऊने. प्रत्येकी 200 पौंड. ग्रुपवर येतो तो हाच आकडा. आता बाकीचं:

- ट्रेनचं जाऊन-येऊन तिकीट: 70
- कॉकटेल किंवा डान्सचा क्लास: 45
- 'बॉटमलेस ब्रंच', म्हणजे ठरावीक वेळेत हवं तेवढं पेय: 40
- शनिवार रात्रीचं जेवण: 45
- घरातलं किराणा सामान आणि सजावट: 30
- टी-शर्ट: 15
- टॅक्सी: 20
- बाहेरची ड्रिंक्स: 40
- नवरीच्या क्लास, ब्रंच आणि जेवणातला आपला वाटा: साधारण 15

घराचे 200 धरून बेरीज 520 पौंड. 2025 मध्ये पौंड बराच काळ 110 ते 120 रुपयांच्या दरम्यान होता. त्या हिशोबाने 57 ते 62 हजार रुपये.

एप्रिल 2025 पासून ब्रिटनमध्ये 21 वर्षांवरील कामगाराचं किमान वेतन तासाला 12.21 पौंड होतं. त्या दराने 520 पौंड म्हणजे जवळपास 43 तासांचं काम, तेही कर कापण्याआधी. एका वीकेंडसाठी एका आठवड्याची पूर्ण कमाई!

आता समजा, बुकिंगनंतर दोघी जणी गळाल्या. घराचं भाडं तेवढंच राहतं, पण भागाकार सातने होतो. फक्त घराचेच 257 पौंड झाले. न जाणारीचा खर्च जाणाऱ्यांवर पडतो, म्हणून उशिरा दिलेला नकार सगळ्यांना महाग पडतो. आणि हे माहीत असल्यामुळेच अनेक जणी नकार द्यायला आणखी घाबरतात.

भारतीय पासपोर्ट असेल तर?

ग्रुपने स्पेन किंवा पोर्तुगाल ठरवलं की मराठी मैत्रिणीच्या शीटमध्ये एक रकाना जास्त येतो. ब्रिटनचा स्टुडंट किंवा वर्क व्हिसा असला तरी भारतीय पासपोर्टवर तिथे जायला वेगळा शेंगेन व्हिसा लागतो. जून 2024 पासून त्याची फी प्रौढांसाठी 90 युरो आहे. शिवाय अर्ज केंद्राचा सेवाशुल्क, अपॉइंटमेंटसाठीची सुट्टी आणि कागदपत्रांची जमवाजमव. व्हिसा नाकारला गेला तर फी परत मिळत नाही आणि स्वस्तातल्या तिकिटाचे पैसेही बहुतेक वेळा बुडतात.

बाकीच्या मैत्रिणींच्या हे लक्षातही येत नाही, कारण त्यांना फक्त पासपोर्ट उचलून निघायचं असतं. त्यामुळे ठिकाण ठरण्याआधीच हे ग्रुपवर सांगितलेलं बरं.

आपल्याकडे: केळवणापासून गोव्यापर्यंत

आपल्याकडे लग्नाआधी केळवण असतं. नातेवाईक आणि शेजारी नवरीला घरी जेवायला बोलावतात, गोडधोड करतात, एखादी भेट देतात. यातला खर्च बोलावणारा आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवतो. कुणी श्रीखंड-पुरी करेल, कुणी हॉटेलात नेईल. दुसऱ्याच्या खिशाचा निर्णय इथे कुणी घेत नाही.

बॅचलरेट ट्रिपमध्ये नेमकं हेच उलटं होतं. ठरवते एक, भरतात सगळ्या.

मुंबई-पुण्याच्या ग्रुपची पहिली पसंती अर्थातच गोवा. तिथेही छुपे रकाने आहेतच. दिवसाला 7,500 रुपयांपेक्षा जास्त भाड्याच्या हॉटेल खोलीवर 18 टक्के जीएसटी लागतो. त्याखालच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के आहे. मोपाचं विमानतळ पेडणे तालुक्यात, म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकाला. स्वस्त तिकीट मोपाचं आणि व्हिला पाळोळ्याला असेल तर वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. रेल्वेने जायचं असेल तर 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधीच उघडतं, त्यामुळे तारीख त्याआधी पक्की हवी.

कुणीच 'नको' का म्हणत नाही?

जेरी हार्वी या अमेरिकी व्यवस्थापन प्राध्यापकांनी 1974 मध्ये आपल्याच घरातला एक किस्सा लिहिला. टेक्सासमधली कडक दुपार. सासरे म्हणाले, ॲबिलीनला जेवायला जाऊ. एकेक करून सगळे हो म्हणाले. धूळ आणि उकाडा सोसत, एसी नसलेल्या गाडीतून, सुमारे 50 मैल जाऊन परत आल्यावर कळलं की कुणालाच जायचं नव्हतं. सुचवणाऱ्यालाही नाही! बाकीच्यांना जायचं असेल असं प्रत्येकाने गृहीत धरलं होतं. याला 'ॲबिलीन पॅरॅडॉक्स' म्हणतात.

हेनच्या ग्रुपवर अनेकदा हेच चालतं. घर महाग आहे असं चौघींना वाटत असतं, पण चौघीही थम्ब्ज-अप टाकतात. आयोजन करणारी ते अंगठे मोजते आणि बुक करते. यात वाईट कुणीच नसतं. पण पैशांविषयी बोललं तर मैत्रीची किंमत केल्यासारखं वाटेल, या भीतीने मैत्रीवरच ताण येतो. कुणी क्रेडिट कार्ड घासते, कुणी 'आधी घ्या, नंतर भरा'चे हप्ते करते, कुणी खोटं आजारपण सांगते. आणि पंचविशी ते तिशीत अशा दोन-तीन ट्रिप एकाच वर्षात येऊ शकतात. त्यावर प्रत्येक लग्नाचा प्रवास, कपडे आणि आहेर वेगळा.

मग करायचं काय?

*आयोजन तुम्ही करत असाल तर:* तारखेआधी बजेट विचारा, आणि तेही ग्रुपवर नको, प्रत्येकीला वेगळं विचारा. सगळ्यात कमी आकडा कुणाचा हे कुणालाही न सांगता त्याच्या आसपास बेत आखा. पहिल्या मेसेजमध्येच पूर्ण आकडा द्या: घर, प्रवास, जेवण, नवरीचा वाटा, सगळं धरून. शनिवारची संध्याकाळ सगळ्यांसाठी ठेवा आणि बाकीचं ऐच्छिक करा. कुणी गळालं तर पैशांचं काय, हे बुकिंगच्या आधी ठरवा.

*आमंत्रण तुम्हाला आलं असेल तर:* डिपॉझिट भरण्याआधी बोला. नंतरचा नकार सगळ्यांना महाग पडतो. एका रात्रीपुरतं येणं हाही पर्याय असतो. बोलायचंच असेल तर ग्रुपवर नको, थेट नवरीशी बोला: "अगं, लग्नाला तर मी चार दिवस आधीच येणार. पण ट्रिपचं बजेट मला या वेळी जमत नाहीये. त्याऐवजी तुझं केळवण माझ्याकडे. काय करू, पुरणपोळी की बिर्याणी?"

*नवरी तुम्ही असाल तर:* सगळ्यात सोपं काम तुमचंच आहे. "ज्यांना जमणार नाही त्यांनी टेन्शन घेऊ नका, लग्नाला या" हा एक मेसेज तुम्ही टाकलात, तर ग्रुपवरच्या निदान दोघी-तिघी सुटकेचा श्वास टाकतील. त्या कोण होत्या, हे तुम्हाला कळणारही नाही.