शेवटच्या कडव्यातलं नाव

येवल्यात आजवर उच्चारलं गेलेलं सर्वांत मोठं वाक्य १३ ऑक्टोबर १९३५ चं. हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या परिषदेत जाहीर केलं. ते शब्द छापून आले, लोकांच्या तोंडी बसले, भिंतींवर रंगवले गेले. आवाज मात्र आपल्या कानांपर्यंत आला नाही. बाबासाहेब कुठल्या शब्दावर थांबले, समोरची गर्दी कधी स्तब्ध झाली, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

मला यातली एक गोष्ट फार लागते. त्याच वर्षीच्या ऑगस्टात, म्हणजे येवल्याच्या परिषदेआधी जेमतेम दोन महिने, बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात एईजी कंपनीनं मॅग्नेटोफोन नावाचं यंत्र मांडलं होतं. प्लॅस्टिकच्या फितीवर लोहचूर्णाचा थर, आणि त्यावर चुंबकानं टिपलेला आवाज. टिपण्याची युक्ती जगात आलेली होती, येवल्यापर्यंत पोचायची होती. ती पोचली चार-साडेचार दशकांनी, तळहातावर मावणारी कॅसेट होऊन. आणि आली ती नेमकी त्याच माणसांच्या घरात, ज्यांच्यासाठी ते वाक्य उच्चारलं गेलं होतं.

दर १३ ऑक्टोबरला परिषदेच्या जागी, मुक्तिभूमीवर, माणसं येतात. पुस्तकं, निळे झेंडे, बाबासाहेबांचे फोटो आणि गाणी, एवढं तरी प्रत्येक जण बघून जातो. माझ्या डोळ्यांसमोर त्या गाण्यांचं रूप तीनदा बदललं: आधी कॅसेटींच्या भिंती, मग सीड्यांच्या चळती, मग पेन ड्राइव्हची पाकिटं. आता पोरं गाणं ऐकतात ते खिशातल्या फोनवर. हे रूप कसकसं बदलत गेलं आणि त्यात गाण्याचं काय झालं, ते मला बघायचंय.

सुरुवात वस्तूच्या आधीपासून करावी लागते. सिन्नर तालुक्यातल्या बावीचे शाहीर परशराम पेशवाईच्या उत्तरार्धात लावण्या रचत, तेव्हा गाणं ठेवायला जागा दोनच होत्या, माणसाचं डोकं आणि बाडाचं पान. गाणं एका फडावरून दुसऱ्या फडावर गेलं की कुणाचं, हे विसरलं जाणार. म्हणून शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचा. या नाममुद्रेला आपण काव्यातली रूढी समजतो. मला ती गाण्याला आतून शिवलेली चिठ्ठी वाटते. परशराम जातीनं आणि धंद्यानं शिंपी होते, त्यांना शिवण कळत होती.

त्याच सिन्नर तालुक्यात, देशवंडीला, १५ ऑगस्ट १९२२ ला वामनदादा कर्डक जन्मले. अक्षरओळख झाली तीच वयात आल्यावर, आणि पुढे हजारो गाणी लिहिली. कितीतरी गाण्यांच्या शेवटी ‘वामन’ येतो. त्यांच्या आधी नाशिकच्या भीमराव कर्डकांचा जलसा १९३० च्या दशकात गावोगाव रात्री जागवत होता. आपल्या सभांपेक्षा जलसा जास्त काम करतो, असं खुद्द बाबासाहेब म्हणाल्याचं चळवळीत आजही सांगतात. ही गाणी गॅसबत्तीच्या उजेडात, लांबच लांब, कडव्यामागून कडवी चालत. ऐकणाऱ्याला घरी न्यायला मिळायची ती फार तर आण्या-दोन आण्याची गाण्यांची चोपडी. चाल स्वतःच्या डोक्यात भरून न्यायची.

तबकडी या काळात होतीच की. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गेसबर्गनं कलकत्त्यात गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, आणि तिच्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला गेल्या. गाणं संपता संपता गौहर जान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. हॅनोव्हरच्या कामगारांना तबकडी कुणाची ते कळावं म्हणून. शाहिराची आणि तिची गरज एकच होती. वेष्टनाचा भरवसा नाही, म्हणून नाव गाण्यातच ठेवायचं.

ज्या लाखेपासून त्या तबकड्या होत, तीही बहुतेक आपल्याकडच्याच जंगलांतली, किड्यांनी केलेली. लाख इथून जायची आणि तबकडी होऊन परत यायची. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला तेव्हा हा फेरा थांबला. पण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. बालगंधर्वांची नाट्यपदंही तेवढ्यातच बसवावी लागली. थोरांच्या बाबतीत आपण म्हणतो, तीन मिनिटांत काय ताकद दाखवली! दाखवली खरीच. पण बारा कडव्यांच्या पोवाड्यानं त्या तीन मिनिटांत काय करावं? पहिली दोन कडवी घ्यायची आणि नावाचं कडवं सोडायचं. शिवाय फोनो होता वाड्यात, हॉटेलात. गावाबाहेरच्या वस्तीत त्याचा कर्णा फक्त लांबून ऐकू यायचा. पुढे एचएमव्हीनं कृष्णा शिंद्यांसारख्या गायकांच्या बुद्ध-भीमगीतांच्या रेकॉर्ड काढल्या, पण त्या वाजवायला यंत्र हवं, आणि यंत्र महाग.

कॅसेट पहिल्यांदा दिसली तीही बर्लिनच्याच रेडिओ प्रदर्शनात, १९६३ साली, फिलिप्सच्या मांडणीत. भारतात तिचा सुकाळ झाला १९८० च्या दशकात, टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी तिची किंमत खाली आणल्यावर. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, आनंद आणि मिलिंद शिंदे यांचे आवाज त्या काळात टपरीवर, एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात वाजायला लागले. हा इतिहास पुष्कळांना माहीत आहे. मला जास्त मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: कॅसेटवर ऐकणाऱ्यालाही टिपता येत होतं. तबकडीनं हा अधिकार कधी दिला नव्हता, आणि सीडीनं दिला तोपर्यंत माणसाची सवय मोडली होती.

आमच्या घरी एक कॅसेट आहे. मुळात ती सिनेमाच्या गाण्यांची, विकत आणलेली. अशा कॅसेटच्या वरच्या कडेची दोन टिकल्यांएवढी झाकणं आधीच मोडलेली असतात, चुकून पुसली जाऊ नये म्हणून. काकांनी त्या दोन खाचांवर चिकटपट्टी लावली, म्हणजे ती पुन्हा भरता येते, आणि जयंतीच्या रात्री टेप स्पीकरच्या पुढ्यात खुर्चीवर ठेवला. लेबलवर बॉलपेननं लिहिलंय: ‘जयंती. रात्री.’ साल पुसलं गेलंय.

साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे ८६ मीटर फीत असते, रुंदीला जेमतेम ३.८ मिलिमीटर. दहा नऊवारी एकापुढे एक अंथरली तरी ती पुरून उरते. येवल्यासारख्या पैठणीच्या गावाला गुंडाळण्याचं कौतुक सांगायला नको. इथं कांडीवर रेशीम भरतात, आणि संक्रांतीला पोरं आसारीवर मांजा भरतात. तशीच ही फीत, स्वतःवर शेकडो वेळा गुंडाळलेली. वर्षानुवर्षं ती न उलगडता ठेवली की एका थरावरचं चुंबकत्व शेजारच्या थरावर हलकंसं उमटतं. म्हणून आमच्या त्या कॅसेटमध्ये गायक तोंड उघडायच्या आधी एक क्षण त्याचाच आवाज खूप लांबून, पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येतो, आणि मग तो खरोखर गायला लागतो. हा तांत्रिक दोष आहे हे मला ठाऊक आहे. तरी दर वेळी तिथं अंगावर काटा येतो.

कॅसेटमध्ये गाणी आहेत आठ. त्यांच्या मधे जनरेटरची घरघर आहे, खुर्च्या ओढल्याचे आवाज आहेत, रडणारं एक पोर आहे. आणि बक्षिसं आहेत. गायन पार्टीला कुणी अकरा रुपये दिले, कुणी एकवीस. गायक गाणं मधेच थांबवून देणाऱ्याचं नाव आणि गाव पुकारतो. त्या नावांतली कितीतरी माणसं आता नाहीत. फोटो काढून घेण्याची त्यांची ऐपत नव्हती. गाणं लांबतं, पार्टीचा म्होरक्या शेवटचं कडवं घेतो, कवीचं नाव येतं, टाळ्या पडतात. तबकडीनं जे कापलं होतं ते कॅसेटनं अर्ध्या तासाच्या एका बाजूत सगळं परत दिलं.

पुढची दोन रूपं भरभर आली आणि भरभर गेली. सीडी आली, तिच्या मागोमाग एमपी थ्री, आणि एका चकतीत शंभर-दीडशे गाणी कोंबली गेली. मग मोबाइलच्या दुकानांवर ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’ असे बोर्ड लागले. दुकानदाराच्या कॉम्प्युटरमध्ये ‘भीमगीत’ नावाचं एक फोल्डर, आत ‘ट्रॅक ०७’, ‘ट्रॅक ०८’. कवीचं नाव गेलं, गायकाचं अर्धं राहिलं. २००४ च्या मे महिन्यात वामनदादा गेले, जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. त्यानंतरच्या वर्षांत त्यांची गाणी आधी कधी नव्हती इतकी पसरली आणि आधी कधी नव्हती इतकी बेनाव झाली. २०१६ मध्ये जिओनं डेटा स्वस्त केला आणि कार्ड भरून घ्यायचीही गरज उरली नाही. आता गाणं तीस सेकंदांच्या रीलमध्ये येतं. तीस सेकंदांत शेवटचं कडवं कधीच येत नाही.

शहरांत मात्र वस्तू परत आली आहे. अमेरिकेत २०२२ मध्ये व्हायनल रेकॉर्ड ४.१ कोटी विकल्या आणि सीड्या ३.३ कोटी; १९८७ नंतर प्रथमच रेकॉर्डनं सीडीला नगात मागं टाकलं. आपल्याकडे सारेगामानं २०१७ मध्ये कारवाँ आणला, पाच हजार गाणी आधीच भरलेला डबा, आणि घराघरातल्या आजी-आजोबांनी तो उचलून धरला. माणसाला गाणं हातात धरायला आवडतं, हे यातून दिसतं, आणि मला त्याचा आनंद आहे. पण ही परत येणारी गाणी कोणती? कंपनीच्या तिजोरीत ज्यांची मूळ फीत सुखरूप आहे, ती. जयंतीच्या रात्री खुर्चीवरच्या टेपनं टिपलेलं गाणं कुठल्याही तिजोरीत नाही. त्याची जगात एकच प्रत असते, आणि ती कुणाच्या तरी माळ्यावर, गोधड्यांच्या मधे पडलेली असते. रेकॉर्डचं भविष्य बाजार बघून घेईल. मला काळजी आहे ती माळ्यावरच्या त्या एका प्रतीची.

आमची कॅसेट मी आधी एका दुकानात उतरवायला दिली होती. त्यांनी गाणी फार स्वच्छ करून दिली. जनरेटर गेला, पोर गेलं, आणि बक्षिसांची नावं फालतू बडबड म्हणून कापली. मूळ कॅसेट परत मागून घेतली होती म्हणून वाचलो.

तेव्हा वाचकहो, घरात अशा कॅसेटी असतील तर या दिवाळीच्या साफसफाईत त्या भंगारात घालू नका. आधी वरची चिकटपट्टी काढा, म्हणजे चुकून काही पुसलं जाणार नाही. कॅसेटी कोरड्या जागी, उभ्या, स्पीकरच्या चुंबकापासून लांब ठेवा. आत पांढरी बुरशी दिसली तर वाजवायची घाई करू नका, जाणत्या माणसाला दाखवा. चालू स्थितीतला टेप मिळवा, त्याचं हेड पुसून घ्या, आणि पहिल्या खरखरीपासून शेवटच्या खरखरीपर्यंत सगळं जसंच्या तसं उतरवा, काही कापू नका. आवाज स्वच्छ करायचा तर दुसऱ्या प्रतीवर. फाइलला गायकाचं, कवीचं, गावाचं नाव आणि साल द्या. साल आठवत नसेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून ऐकवा. बक्षिसांच्या नावांवरून ते साल सांगतील. आणि उतरवून झाल्यावरही कॅसेट टाकू नका.