इंग्रजी ‘हँड’ आणि पोलिश ‘रेंका’ : वाक्प्रचारांची तुलना

‘हँड’ हा इंग्रजी भाषेतील आणि ‘रेंका’ हा पोलिश भाषेतील ‘हात’ या अर्थाचा शब्द होय. दोन्ही भाषांत या शब्दांभोवती वाक्प्रचार, म्हणी आणि साधित शब्द यांचा मोठा संचय आहे. त्यांपैकी काही शब्दशः जुळतात, काही अर्धवट जुळतात, तर काही ठिकाणी एका भाषेत हात असतो आणि दुसरीत बोटे, खिसा किंवा घराचे छप्पर. पोलिश साहित्य मराठी वाचकापर्यंत अनेकदा इंग्रजी अनुवादावरून पोहोचते. अशा वेळी मूळचा हात वाटेत हरवण्याचा किंवा भलत्याच अर्थाने येण्याचा संभव असतो. म्हणून ही तुलना भाषेच्या अभ्यासकाइतकीच अनुवादकालाही उपयोगी आहे.

(या लेखात पोलिश शब्द उच्चारानुसार लिहिले आहेत. ‘त्स’ हा मराठी ‘चाक’ या शब्दातील दंत्य ‘च’सारखा उच्चारावा.)

शब्दांची व्याप्ती

इंग्रजी ‘हँड’ मनगटाशी संपतो. मनगटापासून खांद्यापर्यंतच्या भागाला ‘आर्म’ हा स्वतंत्र शब्द आहे. पोलिश ‘रेंका’ मात्र बोटांच्या टोकापासून खांद्यापर्यंत पसरतो. केवळ पंजा दाखवायचा असल्यास ‘द्वोन्य’ हा शब्द वापरतात. त्याचा मूळ अर्थ तळहात असला, तरी शिष्ट व साहित्यिक पोलिशमध्ये तो संपूर्ण पंजासाठी येतो. ‘राम्ये’ हा शब्द दंड आणि खांदा यांच्यासाठी आहे.

मराठी ‘हात’ या बाबतीत इंग्रजीपेक्षा पोलिशच्या जवळ आहे. एखाद्याचा हात मोडला, असे मराठी आणि पोलिश माणूस सारख्याच सहजतेने म्हणतो. मोडलेले हाड मनगटाच्या वरचे की खालचे, याचा निर्णय इंग्रजीत मात्र बोलण्यापूर्वीच करावा लागतो. पोलिश वाक्य इंग्रजीत जाताना ‘रेंका’चा ‘आर्म’ होतो आणि तेथून मराठीत येताना त्याचा ‘बाहू’ किंवा ‘दंड’ होऊन बसतो. सरळ रस्त्याने आला असता, तर तो हातच राहिला असता.

असाच दुसरा भेद स्वामित्वदर्शक शब्दाचा आहे. इंग्रजीत ‘मी माझे हात धुतले’ अशी रचना अनिवार्य आहे. पोलिशमध्ये आणि मराठीत ‘हात धुतले’ एवढे पुरते. कोणाचे, हे सांगावे लागत नाही. मराठी अनुवादांत पात्रे वारंवार ‘आपले हात’ खिशात घालतात, ‘आपले डोके’ हलवतात, ती इंग्रजी वळणामुळे.

व्युत्पत्ती आणि रूपे

‘हँड’ हा जर्मानिक भाषांचा समाईक शब्द आहे; त्याचा त्यापूर्वीचा उगम निश्चित झालेला नाही. संस्कृत ‘हस्त’शी त्याचे ध्वनिसाम्य असले तरी नाते नाही. जर्मानिक भाषांतील आद्य ‘ह’ मूळ ‘क’पासून आणि संस्कृतातील हा ‘ह’ मूळ घोष महाप्राण वर्णापासून आला आहे. मराठी ‘हात’ मात्र प्राकृत ‘हत्थ’मार्फत थेट ‘हस्त’पासून आला. ‘रेंका’ हा स्लाव्ह भाषांचा शब्द असून लिथुएनियन ‘रांका’ हा त्याचा जवळचा सोयरा आहे. लिथुएनियनमध्ये त्याच धातूचे क्रियापद ‘गोळा करणे, वेचणे’ या अर्थाने आजही वापरात आहे. म्हणजे ‘रेंका’ हा मुळात ‘वेचणारा’ अवयव ठरतो.

‘रेंका’च्या रूपांत एक जुना अवशेष टिकून आहे. प्राचीन पोलिशमध्ये संस्कृताप्रमाणे द्विवचन होते. ते लोप पावले, पण माणसाला हात दोनच असल्यामुळे या शब्दात त्याच्या खुणा राहिल्या. ‘रेंत्से’ हे आजचे अनेकवचन मूळचे द्विवचन आहे. तृतीयेला ‘रेंकामी’ आणि ‘रेंकोमा’ अशी दोन रूपे चालतात, त्यांपैकी दुसरे द्विवचनी आहे. ‘व रेंकू’ म्हणजे ‘हातात’ हे रूपही मूळ ‘दोन हातांत’ असे होते. आजचा पोलिश भाषक ते बिनदिक्कत एकवचनी समजतो. मराठीत संस्कृत द्विवचनाचा असा अवशेष ‘हात’ या शब्दात उरलेला नाही.

समाईक वारसा असलेले वाक्प्रचार

इंग्रजी व पोलिश यांच्यात जे वाक्प्रचार तंतोतंत जुळतात, त्यांपैकी अनेकांच्या मागे लॅटिन किंवा बायबल आहे. ‘उमिवाच रेंत्से’ (हात धुणे) आणि त्याचा इंग्रजी जोडीदार यांचा उगम मत्तयाच्या शुभवर्तमानातील पिलाताच्या कृतीत आहे. येशूच्या रक्ताची जबाबदारी आपली नाही, हे दाखवण्यासाठी त्याने जमावासमोर हात धुतले. याकुब वुयेक याचे पोलिश बायबल १५९९ साली आणि इंग्रजीतील किंग जेम्स आवृत्ती १६११ साली प्रसिद्ध झाली. अशा भाषांतरांतून आणि प्रवचनांतून बायबलमधील प्रतिमा दोन्ही भाषांत रुजल्या. मराठी अनुवादकाने येथे सावध असावे. मराठीत ‘हात धुऊन मागे लागणे’ म्हणजे पिच्छा पुरवणे, अर्थात जवळपास उलट अर्थ. पिलाताच्या अर्थाने ‘हात झटकणे’ किंवा ‘हात वर करणे’ हेच योग्य. त्यातही ‘हात वर करा’ हा पोलिसी हुकूम तिन्ही भाषांत शरणागतीचाच आहे, हे ध्यानात ठेवावे लागते.

त्याच शुभवर्तमानात उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असा गुप्तदानाचा उपदेश आहे. दोन्ही भाषांत त्या वाक्याचा आजचा वापर बहुधा कार्यालयांतील गोंधळाविषयी होतो. मूळ स्तुती होती, आज ती टीका आहे. पोलिशमध्ये आणखी एक गंमत घडते. डाव्या व उजव्या हातांना तेथे ‘लेवीत्सा’ आणि ‘प्रावीत्सा’ हे जुने शब्द येतात आणि आजच्या भाषेत त्यांचा प्रचलित अर्थ ‘डावे पक्ष’ आणि ‘उजवे पक्ष’ असा आहे. त्यामुळे वृत्तपत्रांच्या मथळ्यांना हे वचन सहज श्लेष पुरवते.

‘रेंका रेंके मिये’ (हात हाताला धुतो) ही म्हण लॅटिनमधून आली. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेनेका याच्या लेखनात ती आढळते. इंग्रजीतही ती आहे, परंतु तेथे एकमेकांची पाठ खाजवण्याचा वाक्प्रचार अधिक रूढ आहे. पोलिशमध्ये तिला परस्परसाहाय्यापेक्षा साटेलोटे आणि लाचखोरी यांचा वास अधिक येतो.

वधूचा ‘हात मागणे’ (प्रोशिच ओ रेंके) दोन्हीकडे सारखेच आहे. रोमन कायद्यात पत्नीवरील पतीच्या अधिकारालाच ‘मानुस’ म्हणजे हात असे नाव होते. भारतीय परंपरेतील ‘पाणिग्रहण’ हा संस्कार स्वतंत्र असला, तरी त्यातही विवाहाचे प्रतीक हातच आहे. पोलिशमध्ये साखरपुड्याला ‘झारेंचिनी’ म्हणतात आणि त्यातही ‘रेंका’ दडलेला आहे.

‘उजवा हात’ (प्रावा रेंका) म्हणजे विश्वासू साहाय्यक, ‘हात बांधलेले असणे’, ‘रिकाम्या हाताने परतणे’ आणि ‘अन्न देणाऱ्या हातालाच चावणे’ हेही शब्दशः जुळतात. यांपैकी शेवटच्यासाठी मराठीत ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ आहे. ‘सर्व हात डेकवर’ हा इंग्रजी नाविकांचा हुकूमही पोलिशमध्ये ‘फ्शिस्त्क्ये रेंत्से ना पोक्वात’ असा जसाच्या तसा आढळतो.

अर्धवट जुळणारे वाक्प्रचार

अनुवादात खरी फसगत येथेच होते, कारण पूर्णपणे वेगळा वाक्प्रचार निदान थांबायला तरी लावतो.

‘सेकंडहँड’ हा शब्द मराठीतही रुळला आहे, पण वस्तूंपुरता: सेकंडहँड सायकल, सेकंडहँड पुस्तके. इंग्रजीत तो वस्तू आणि ऐकीव माहिती या दोहोंसाठी चालतो आणि पोलिश ‘झ द्रुग्येय रेंकी’ (दुसऱ्या हातातून) हाही तसाच चालतो. बातमी ‘स प्येर्फ्शेय रेंकी’, म्हणजे पहिल्या हातातून मिळाली, असे पोलिश माणूस म्हणतो तेव्हा मराठीत ‘प्रत्यक्ष संबंधिताकडून’ असे म्हणावे लागते.

‘हातात हात घालून’ हे दोन माणसांविषयी असेल, तर पोलिशमध्ये ‘रेंका व रेंके’ चालते. दारिद्र्य आणि रोगराई यांच्याविषयी असेल, तर पोलिश भाषा हात सोडून ‘जोडीने जाणे’ पत्करते. हातघाईच्या कामासाठी इंग्रजीत नुसते ‘हात भरलेले’ असतात. पोलिशमध्ये ते कशाने भरलेले आहेत हेही सांगतात: ‘पेव्ने रेंत्से रोबोती’, म्हणजे कामाने भरलेले हात.

‘एका हाताला… दुसऱ्या हाताला’ अशी इंग्रजीची युक्तिवादाची रीत आहे. पोलिशमध्ये तेथे हात नसून ‘बाजू’ (स्त्रोना) आहे, आणि मराठीतही ‘एकीकडे… दुसरीकडे’ असेच म्हणतात. इंग्रजी हाताने नवशिक्या अनुवादकाला सर्वाधिक चकवले असेल, तर येथे.

हात एकीकडेच असणारे वाक्प्रचार

इंग्रजी माणूस परिचित परिसर ‘हाताच्या पाठीसारखा’ ओळखतो. पोलिश माणूस ‘स्वतःच्या खिशासारखा’ (याक व्वास्नों क्येशेन्य). गुन्हेगाराला इंग्रजीत ‘लाल हातांनी’ पकडतात. हे लाल म्हणजे रक्त होय आणि ही संज्ञा जुन्या स्कॉटिश कायद्यातील आहे. पोलिशमध्ये त्याला ‘गरम कृत्यावर’ (ना गोरोंत्सिम उचिन्कू) पकडतात. ही प्रतिमा ‘जळत्या गुन्ह्यात’ पकडण्याच्या लॅटिन कायदेशीर संज्ञेशी जुळते. एखाद्या काळ्या कृत्यात इंग्रजी माणसाचा ‘हात’ असतो, मराठी माणसाचाही असतो. पोलिश माणूस त्यात फक्त ‘बोटे बुडवतो’.

हातातल्या पक्ष्याची इंग्रजी म्हण प्रसिद्ध आहे: हातातला एक पक्षी झुडपातल्या दोहोंच्या मोलाचा. पोलिशमध्ये ‘छपरावरच्या कबुतरापेक्षा मुठीतली चिमणी बरी’ असे म्हणतात. इंग्रजी म्हण संख्येचा हिशेब करते आणि पोलिश म्हण आकाराचा. ‘हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये’ ही मराठी म्हण पक्ष्याचे नावही घेत नाही.

‘हातातून तोंडात’ जगणे, ही इंग्रजी प्रतिमा गरिबीची आहे. पोलिशमध्ये त्यासाठी ‘दिवसापासून दिवसापर्यंत’ किंवा, पगारदार असल्यास, ‘ओद प्येर्फ्शेगो दो प्येर्फ्शेगो’, म्हणजे एक तारखेपासून एक तारखेपर्यंत, असे म्हणतात. मराठी ‘हातावर पोट असणे’ हे या दोहोंपेक्षा नेमके आहे, कारण त्यात रोजंदारीचे श्रम दिसतात. पोलिश पगाराच्या बोलण्यात हात अन्यत्र येतो: ‘ना रेंके’ म्हणजे कपाती वजा जाऊन हातात पडणारी रक्कम. येथे मराठी आणि पोलिश पुन्हा शेजारी उभ्या राहतात.

केवळ पोलिशमध्ये असलेले हात बरेच आहेत. अनाडी कारागिराला ‘द्व्ये लेवे रेंत्से’, म्हणजे दोन डावे हात असतात. इंग्रजीत त्याची सगळी बोटे अंगठे होतात आणि डावे पाय फक्त नाचता न येणाऱ्याला असतात. ‘ओद रेंकी’ (हातातून) म्हणजे ताबडतोब, उभ्या उभ्या. ‘ना व्वास्नों रेंके’ (स्वतःच्या हातावर) म्हणजे कोणाला न विचारता, स्वतःच्या जबाबदारीवर. ‘हाताला जाणे’ म्हणजे एखाद्याची अडचण ओळखून सवलत देणे. पक्की खात्री असल्यास पोलिश माणूस ‘हात तोडून द्यायला’ तयार होतो. ‘माख्नोंच रेंकों’ (हात हलवणे) म्हणजे नाद सोडणे, आणि मराठीतील ‘हात हलवत परत येणे’ याच्याशी त्याची गल्लत करू नये. फार उशिरा शहाणपण आलेल्या माणसाविषयी म्हणतात, की तो ‘हात मूत्रपात्रात घालून जागा झाला’. हा प्रयोग बोलीतला आहे आणि औपचारिक लेखनात शोभत नाही.

काही पोलिश प्रयोगांना इंग्रजीत हात सापडत नाही, पण मराठीत सापडतो. ‘रेंत्से ओपादायों’ (हात गळून पडतात) यासाठी ‘हातपाय गळणे’ तयार आहे. ‘नोशिच ना रेंकाख’ (हातांवर वाहून नेणे) म्हणजे कोणाचे अतोनात कौतुक करणे, लाड पुरवणे. ‘तळहाताच्या फोडाप्रमाणे जपणे’ त्याच्या बरेच जवळ जाते. ‘याक ना द्वोनी’ (तळहातावर असल्यासारखे) म्हणजे स्वच्छ दिसणारे. इंग्रजीत त्याचे ‘दिवसासारखे स्पष्ट’ होते. मराठीत मात्र ‘हस्तामलकवत्’, म्हणजे तळहातावरील आवळ्यासारखे, हा संस्कृत प्रयोग त्या जागी चपखल बसतो.

साधित शब्द

घड्याळाच्या ‘हातां’ना पोलिशमध्ये ‘फ्स्काझूव्का’ म्हणजे दर्शक, तर मराठीत काटे म्हणतात. ‘रेंकोपिस’ हा शब्द घटकांसह ‘हस्तलिखित’ याच्याशी जुळतो. ‘रेंच्निक’ म्हणजे टॉवेल, ‘पोरेंच’ म्हणजे जिन्याचा कठडा, ‘व्रेंचिच’ म्हणजे हाती सोपवणे, ‘रेंचिच’ म्हणजे हमी देणे. ‘रेंकोय्म्या’ ही पोलिश दिवाणी कायद्यातील संज्ञा विकलेल्या मालातील दोषांबद्दल विक्रेत्यावर असणारी जबाबदारी दर्शवते. तिचे घटक ‘हात’ आणि ‘धरणे’ असे आहेत.

‘रोंच्का’ हे ‘रेंका’चे लघुत्वदर्शक रूप बाळाच्या इवल्या हातासाठी आणि छत्रीच्या वा तव्याच्या मुठीसाठी वापरतात. त्यावरून झालेला ‘झ्वोता रोंच्का’ (सोन्याचा इवला हात) हा शब्द घरातील नळ, दिवे, कड्या-कुलपे दुरुस्त करून देणाऱ्या हरहुन्नरी माणसासाठी आहे. तो माणूस कितीही दांडगा असला, तरी शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगीच राहतो.