‘शांत’ भूमीचा गैरसमज : किल्लारी, तेर आणि एकत्र न बसलेल्या ज्ञानशाखा

१)
३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यांतील भूमी हादरली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची कित्येक गावे मिनिटभरात दगडमातीचे ढिगारे झाली. मृतांची सरकारी संख्या आठ हजारांच्या आसपास होती, इतर अंदाज दहा हजारांपर्यंत जातात.

या घटनेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आजच्या थ्रेडमध्ये एकाच प्रश्नाचा मागोवा घेऊ : ही भूमी ‘शांत’ आहे, असे कशाच्या आधारे मानले गेले होते? उत्तराची वाट भूशास्त्रातून निघते आणि थेट इतिहासाच्या दारात येऊन थांबते.

२)
त्या वेळच्या अधिकृत नकाशात भारताची विभागणी पाच भूकंपक्षेत्रांत केलेली होती. किल्लारीचा परिसर त्यांपैकी पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. दख्खनचे पठार प्राचीन, कठीण आणि स्थिर असल्याने येथे मोठा भूकंप अपेक्षित नाही, असा सर्वसाधारण समज होता. १९६७ च्या कोयना भूकंपाने त्याला तडा दिला होता. पण कोयनेचा संबंध तेथील जलाशयाशी जोडला गेला आणि उरलेल्या पठाराविषयीचा समज बराचसा तसाच राहिला. पुढे २००२ मध्ये नकाशा सुधारला गेला. पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला.

३)
अशा नकाशांचा एक मोठा आधार असतो पूर्वीच्या भूकंपांच्या नोंदींचा. भूकंपमापक यंत्रे वापरात येऊन शंभर-सव्वाशे वर्षेच झाली. त्याआधीचा काळ कागदपत्रांतूनच वाचावा लागतो. स्थिर भूखंडात मात्र एकाच ठिकाणच्या दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजार किंवा त्याहूनही अधिक वर्षे जाऊ शकतात. अशा वेळी ‘नोंद सापडत नाही’ याचे रूपांतर नकळत ‘घडलेच नाही’ यात होते. इतिहासाच्या पहिल्याच वर्गात शिकवतात की पुराव्याचा अभाव म्हणजे अभावाचा पुरावा नव्हे. प्रश्न असा की, हे वाक्य नकाशा करणाऱ्यांच्या बैठकीत बोलायला इतिहासकार असतो का?

४)
भूकंपानंतर संशोधकांची रीघ लागली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. त्यातून कळले की येथील काळ्या बेसॉल्ट खडकाचा थर सुमारे ३३८ मीटर जाडीचा आहे. त्याखाली गाळाच्या खडकाचा पातळ पट्टा आणि त्याखाली अतिप्राचीन पायाचा खडक आहे. हालचाल झाली ती याच दडलेल्या पायात, बेसॉल्टच्या जाड पांघरुणाखाली. वरून पाहणाऱ्याला पठार एकसंध दिसत राहिले. तेरणेवरील माकणीच्या जलाशयाचा या घटनेत काही वाटा होता का, यावरही वाद झाला आणि तज्ज्ञांत मतभेद राहिले.

५)
स्थापत्य अभियंत्यांचा प्रश्न वेगळा होता. ६.२ च्या आसपासच्या परिमाणाच्या भूकंपात इतकी माणसे का दगावली? भूकंप उथळ होता आणि वेळ गाढ झोपेची होती, ही दोन कारणे. तिसरे कारण घरांत होते. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, ही येथील घराची रीत. हादऱ्याने भिंती उसवल्या आणि माळवद अंगावर आले. जेथे माळवदाचा भार लाकडी खांबांनी पेलला होता, तेथे भिंती ढासळूनही छप्पर टिकल्याची उदाहरणे आढळली. कुडाच्या हलक्या झोपड्यांनीही माणसे वाचवली.

६)
पण माणसे अशी घरे बांधत का होती? येथे समाजाचा अभ्यास करणारा लागतो. बेसॉल्टच्या मुलखात दगड हाताशी असतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जाड भिंत आणि मातीचे छत घर थंड ठेवते. दगडी वाडा ही सुरक्षिततेची आणि प्रतिष्ठेचीही खूण होती. ऐपत वाढली की माणूस कुडाच्या घरातून दगडी घरात जाई. म्हणजे घर जितके ‘भक्कम’, तितका त्या पहाटे धोका अधिक. ही विसंगती केवळ गणिताने उलगडत नाही आणि केवळ समाजशास्त्रानेही नाही.

७)
पुनर्वसनात या तुटकपणाची किंमत दिसली. बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरे भूकंपाला तोंड देणारी होती. पण अनेक ठिकाणी सरळ रेषेतले चौकोनी आराखडे, रुंद रस्ते आणि दूर दूर पसरलेली वस्ती आली. जुन्या गावठाणातली गल्ली, भावकीची शेजारी घरे, वाड्याचे अंगण, गुरांची जागा यांना त्या आराखड्यात फारसे स्थान नव्हते. अभियंत्याचे उत्तर चुकीचे नव्हते. त्याच्या प्रश्नात अर्धेच घर होते.

८)
आता मूळ प्रश्नाकडे येऊ : या भागात पूर्वी भूकंप झाला होता का? त्यासाठी किल्लारीहून तेरणेच्याच काठाने वायव्येला, सुमारे ५५ किलोमीटरवरच्या तेर या गावी जावे लागते. संत गोरोबा काकांचे गाव म्हणून ते आपल्याला परिचित आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते ‘तगर’ म्हणून ठाऊक असते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे म्हटले आहे आणि तेथील कापड भडोच बंदरात जात असल्याचा उल्लेख आहे. टॉलेमीलाही हे नगर माहीत होते. तगर म्हणजे तेर, ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये पटवून दिली.

९)
तेरमधील त्रिविक्रम मंदिर मुळात विटांचे, मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असलेले चैत्यगृह होते, हे हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवले. १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी येथे उत्खनन केले. सातवाहनकालीन वस्तूंचा मोठा संग्रह आज तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात आहे. एवढे सारे असूनही १९९३ पूर्वी तेरकडे भूकंपाच्या दृष्टीने पाहण्याचे कारण कोणाला दिसले नव्हते. पुरातत्त्वज्ञ मडकी आणि नाणी पाहत होते, भूशास्त्रज्ञ खडक पाहत होते.

१०)
किल्लारीनंतर चित्र पालटले. तिरुवनंतपुरम येथील सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन या भूशास्त्रज्ञांनी किल्लारीत चर खणून भूपृष्ठाजवळचे थर तपासले आणि अभ्यासाला तेरचीही जोड दिली. तेरच्या थरांतील विस्कळीतपणा, तेथील पुरातत्त्वीय कालक्रम आणि जुन्या बांधकामांवरील खुणा एकत्र वाचून त्यांनी सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी या परिसरात मोठा भूकंप झाला असावा, असे मत मांडले. थर ‘कधी’ हलले हे ठरवताना पुरातत्त्वाने दिलेला कालक्रम उपयोगी पडला आणि ते ‘कशामुळे’ हलले हे भूशास्त्राने सुचवले. दोघांपैकी एकालाही हे एकट्याने साधले नसते.

११)
येथे एक मोह आवरला पाहिजे. ‘भूकंपाने तगर बुडाले’ हे वाक्य फार आकर्षक आहे. पण तगरच्या उताराला रोमन व्यापाराची ओहोटी आणि राजकीय केंद्रांचे स्थलांतर अशीही कारणे आहेत. शिवाय शिलाहार राजे पुढे कित्येक शतके स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत राहिले, म्हणजे नगराची कीर्ती मावळली नव्हती. भूशास्त्र इतिहासाला नवा पुरावा देते, आणि त्या पुराव्यावरून कुठपर्यंत जायचे याचा लगाम इतिहासाने धरायचा असतो. एकत्र काम करण्याचा खरा लाभ हा परस्परांना अडवण्याचा आहे.

१२)
महाराष्ट्रात याची परंपरा नाही असे नव्हे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे अनेक हंगाम उत्खनन केले. तेथे पुरातत्त्वज्ञांबरोबर जळालेले धान्य ओळखणारे, प्राण्यांची हाडे तपासणारे आणि मानवी सांगाड्यांचा अभ्यास करणारे तज्ज्ञ एकाच स्थळावर काम करत होते. म्हणूनच त्या ताम्रपाषाणयुगीन गावाचे पीक, आहार, आजार आणि वस्तीची रचना आपल्याला एकत्र वाचता येते.

१३)
भूकंपाच्या बाबतीत याहून नेमके उदाहरण इराणचे आहे. निकोलस अँब्रेसिस हे लंडनमधील भूकंप-अभियंते आणि चार्ल्स मेलव्हिल हे फारसीचे इतिहासकार. दोघांनी मिळून इराणमधील भूकंपांचा इतिहास १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. बखरी, प्रवासवर्णने, वास्तूंच्या दुरुस्तीचे उल्लेख असे सारे त्यांनी चाळले. अभियंत्याला फारसी वाचणारा सोबती हवा होता आणि इतिहासकाराला कोणत्या वर्णनातून धक्क्याची तीव्रता काढता येईल हे सांगणारा.

१४)
मराठवाड्याला ही तुलना फार जवळून लागू पडते. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील साधने फारसी, उर्दू, मोडी मराठी, कन्नड आणि संस्कृतात विखुरलेली आहेत. त्यांपैकी फारसी साधने मराठीत आणण्याचे मोठे काम सेतुमाधवराव पगडी यांनी केले, आणि त्यांचा जन्म निलंग्याचा, म्हणजे किल्लारीच्या शेजारच्याच तालुक्यातला! जीर्णोद्धाराचा शिलालेख, किल्ल्याच्या तटाच्या डागडुजीचा हिशेब, महसुलातील सूट, या नोंदी आपण राजकीय इतिहासासाठी वाचतो. ‘हे पडले कशाने?’ हा प्रश्न त्यांना क्वचितच विचारतो.

१५)
उभ्या राहिलेल्या वास्तूही साक्षीदार असतात. निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर, नांदेड जिल्ह्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे, औसा आणि कंधारचे किल्ले : यांतील कोणता भाग मूळचा, कोणता नंतर बसवलेला आणि कोणता कललेला, हे कलेतिहासाचा अभ्यासक व स्थापत्य अभियंता यांनी शेजारी उभे राहून पाहिले, तर त्या वास्तूने आजवर किती हादरे सोसले याचा काही अंदाज बांधता येईल.

१६)
लोकस्मृतीही साधनच आहे. मोठ्या भूकंपाच्या सुमारे वर्षभर आधी, १९९२ च्या ऑक्टोबरच्या सुमारास, किल्लारी परिसरात लहान धक्के जाणवत होते आणि गावकऱ्यांत भीती होती. ज्यांनी ते अनुभवले, ती पिढी आज साठी-सत्तरीत आहे. मौखिक इतिहासाची मुलाखत आणि भूकंपमापकाचा आलेख एकमेकांशेजारी ठेवण्याची संधी काळाबरोबर कमी होत चालली आहे.

१७)
किल्लारीनंतर वर्षाच्या आत, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. सुटे विभाग न ठेवता जवळच्या विषयांची ‘संकुले’ अशी त्याची रचना आहे. तेथे भूशास्त्र संकुल आहे, सामाजिक शास्त्रांचे आहे, भाषांचेही आहे, आणि लातूरला उपकेंद्र आहे. प्रश्नही दूरचा नाही. २००६ च्या अखेरीपासून काही काळ नांदेड शहराने लहान धक्क्यांची मालिका अनुभवली, आणि २१ मार्च २०२४ ला हिंगोली परिसरातील भूकंप नांदेडपर्यंत जाणवला.

१८)
मग अडते कोठे? आपल्या संशोधनाच्या सवयीत. प्रबंधाचा विषय एका शाखेत बसला पाहिजे, मार्गदर्शक त्याच शाखेचा हवा, लेख त्याच शाखेच्या नियतकालिकात हवा. भूशास्त्राचा निबंध इतिहासाच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही आणि मोडीतला कागद भूशास्त्रज्ञाला वाचता येत नाही. परिसंवादात सगळे एका व्यासपीठावर येतात खरे, पण निबंध वाचून आपापल्या वाटेने जातात. माणसे एकत्र येण्यासाठी समान विषय पुरत नाही. समान स्थळ आणि समान प्रश्न लागतो, जसा इनामगावला होता.

१९)
तेरणेचे खोरे तसे स्थळ होऊ शकते. आपण इतिहासाचे विद्यार्थी असाल, तर पुढच्या वेळी एखाद्या लेखात ‘जीर्णोद्धार’ हा शब्द दिसला की कारण शोधा आणि तारीख टिपून ठेवा. मग ती टिपणे घेऊन भूशास्त्राच्या मित्राकडे जा. १९९३ पूर्वी अशी एक वही कोणाकडे असती, तर भूकंप टळला नसता. पण या भूमीला ‘शांत’ म्हणताना नकाशा करणाऱ्याचा हात कदाचित क्षणभर थबकला असता, आणि जेथे घराच्या एका लाकडी खांबाने माणूस वाचतो, तेथे तेवढे थबकणेही पुष्कळ असते.